काळ्याला दोन घरं कमी

मोतीबागेच्या फाटकाशी तिकीट घेताना
खिडकीतल्या पोरानं यशिकाकडे पाहून विचारलं,
ही दुर्बीण आहे का?
हो म्हटलं. कॅमेऱ्याचे वेगळे पैसे वाचले.

आत बारा फ्रेम. एवढाच उरलेला रोल,
बाबांच्या सीताबर्डीच्या स्टुडिओतल्या फ्रिजमध्ये
बर्फाच्या ट्रेमागे सापडलेला.
मुदत संपून त्याला एकोणीस वर्षं झाली.

बाबा म्हणायचे, मीटर भित्रा असतो,
त्याला सगळं जग राखाडी हवं.
काळं दाखवलंस की म्हणेल, अजून उजेड आण;
ऐकशील तर कोळशाची राख होऊन येईल.
काळ्याला दोन घरं कमी.
आणि जुन्या रोलला दोन घरं जास्त, हेही त्यांचंच.
मग त्या दोघांचं आपसात मिटलं,
मी काटा होता तिथंच ठेवला.

छोट्या लाईनचं इंजिन.
रंगावर रंग इतके, की रिव्हेट सगळे
शेंदराखालच्या डोळ्यांसारखे बुजलेले.
मान खाली घालून काचेत पाहते:
काचेत डावं ते उजवं,
इतवारीकडे तोंड करून उभं असलेलं
छिंदवाड्याला निघालेलं.
चार फ्रेम त्यातच गेल्या.

पाचव्याला झनकलाल बिसेन आडवे आले.
पांढरा सदरा, पायात मुलाचे जुने बूट,
तिकीट बिकीट काही नाही.
“बाहेरून काय घेऊन राहिली बाई?
पाठीचा फोटो काढते का कोणी मानसाचा?
तोंड तर आत आहे त्याचं.”

दोन पायऱ्या ते माझ्याआधी चढले.
भट्टीचं दार ओढलं. कुरकुरलं, पण आलं.
आत कुरकुऱ्याचं पाकीट, खारीनं आणलेला काथ्या,
आणि एक काळोख,
ज्याच्यापुढे मीटरचा काटा जागचा हललाच नाही.

नागभीडपर्यंत किती फावडी लागायची?
“मोजले तं हात थकते.
मी नाही मोजले कधी.”

ड्रायव्हरच्या बाकावर ओढणीची घडी, तिच्यावर कॅमेरा.
चाळीस सेकंद, मी अंदाजानं म्हटलं.
बटन दाबून धरलं,
आणि बिसेनांनी नसलेलं फावडं उचललं.
कोळशाकडे वळले, दाराकडे वळले,
पाय फाकवून, रुळांचे हेलकावे गुडघ्यात घेत.
मी आकडे मनात म्हणत होते, ते मधेच चुकले.
पंचावन्न झाले असतील, साठसुद्धा.
खाली शाळेची सहल आली होती,
एक मुलगी भोंगा कुठे आहे विचारत होती.

उतरताना दम लागला होता त्यांना.
“यातलाच एक देजो मले,
हयातीचा दाखला भरायचा आहे.
तीस तारखेच्या आत.”

रात्री न्हाणीघराच्या दाराला चादर लावली.
माठातलं पाणी, बाबांचा डबा, हायपोचा वास.
फिल्म दोरीवर वाळली, सकाळी प्रिंट काढला:
दार स्पष्ट, कडीवरचा गंज स्पष्ट,
कुरकुऱ्याच्या पाकिटावरचं नाव वाचता येतं.
आणि बिसेन होते तिथे
पांढरं काहीतरी, वर वर जाणारं.
दाराजवळ जिथे ते क्षणभर थांबत असतील,
तिथे फक्त दोन मनगटं.

घेऊन गेले.
त्यांनी फोटो लांब धरला, मग जवळ, मग उन्हात.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
“प्रेशर बरोबर धरलं आहे,” म्हणाले.
मग माझ्याकडे पाहून, “पण बँकवाला इचारन ना,
याच्यात मानूस कोनता?”

रोल तर संपलेला.
वर्कशॉपच्या चुन्याच्या भिंतीपुढे उभं केलं,
सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी स्वतः लावली,
आणि फोनवर काढला.
पहिल्यात डोळे मिटले होते.
दुसरा काढला.